वामनदादा कर्डक : गाणं घराघरात, नाव कुठे?

भीमजयंतीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. नाशिक रोडला मंडपाच्या कडेला चार-पाच पोरं स्पीकरच्या वायरी जोडत बसली होती आणि वाद घालत होती. टुपाक मोठा की बिगी? एक म्हणत होता, शब्दांवरची पकड बघायची तर बिगीच. दुसऱ्याचं म्हणणं, टुपाक गरिबाच्या बाजूने बोलला म्हणून आज तीस वर्षांनीही त्याचं नाव आहे. तिसऱ्याने मध्येच राकिमचं नाव काढलं, मग वाद आणखी पेटला. ही पोरं स्वतः रॅप लिहितात. जातीवर लिहितात, वस्तीवर लिहितात, बाबासाहेबांवर लिहितात. त्यांचा अभ्यास पक्का होता. कोणता अल्बम कोणत्या साली आला, कोणी कोणाची ओळ उचलली, सगळं तोंडपाठ.

वाद चालू असताना मागे स्पीकरवर एक भीमगीत वाजत होतं. ढोलकीच्या जागी डीजेचा ठोका बसवलेला, पण शब्द जुनेच. मी विचारलं, हे गाणं कोणी लिहिलंय? पोरांनी गायकाचं नाव सांगितलं. गायक नाही, लिहिलं कोणी? मग एकाने मोबाईल काढून पाहिलं. व्हिडिओखाली गायकाचं नाव होतं, डीजेचं नाव होतं, कंपनीचं नाव होतं. गीतकाराचं नाव नव्हतं.

ते गाणं वामनदादा कर्डकांचं होतं. आम्ही जिथे बसलो होतो तिथून तासाभराच्या अंतरावर त्यांचं जन्मगाव आहे.

पोरांना दोष द्यायला हे लिहीत नाही. टुपाकचं नाव त्यांना माहीत आहे कारण ते जपणारी एक मोठी व्यवस्था आहे. वामनदादांचं नाव जपणं हे आपलं काम होतं. ते आपण किती केलं, हा प्रश्न घेऊनच त्यांचं आयुष्य पुन्हा एकदा सांगतो.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी या गावचा. वडील तबाजी, आई सईबाई, थोरला भाऊ सदाशिव, बहीण सावित्रा. शाळा नशिबात नव्हती. गुरं राखणं, लाकडाच्या मोळ्या विकणं, पडेल ते काम करणं, असं बालपण गेलं.

पण हा जिल्हा त्या काळात साधा नव्हता. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा वामन आठ वर्षांचाही नव्हता. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. दादासाहेब गायकवाडांसारखा माणूस याच जिल्ह्यात गावोगाव फिरत होता. आणि सभेच्या आधी किंवा नंतर लोकांना जागेवर बसवून ठेवायचं काम आंबेडकरी जलसे करत होते.

जलसा म्हणजे काय, हे नव्या पोरांसाठी थोडं सांगायला हवं. तमाशाचाच सांगाडा घ्यायचा, पण आतला माल बदलायचा. गणात देवाऐवजी बाबासाहेबांना वंदन, गवळण बाद, आणि वगाच्या जागी येसकरकी, सावकारी, शिक्षण, मेलेली ढोरं न ओढणं, असले विषय. याची वाट सत्यशोधक जलशांनी आधीच पाडून ठेवली होती. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा जलसा यात फार गाजला. आडनाव एकच असल्याने भीमराव आणि वामनदादा यांची गल्लत आजही होते. माणसं दोन आहेत, पिढ्याही दोन. भीमरावांनी मंच उभा केला, वामनदादा त्यानंतरचे. भीमरावांनी पुढे आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहिलं, म्हणून त्या चळवळीची थोडी तरी नोंद आपल्या हाती राहिली.

वामन आईबरोबर मुंबईला आला. शिवडीची बीडीडी चाळ. कोळशाच्या वखारीत काम केलं, चिक्की विकली, पुढे टाटा ऑइल कंपनीत लागला. संध्याकाळी समता सैनिक दलात जायचा. याच चाळीत ती पत्राची गोष्ट घडली. एका माणसाने वामनच्या हातात पत्र दिलं आणि वाचून दाखव म्हणाला. अंगावर कपडे नीटनेटके, दलात पुढे असणारा पोरगा, म्हणजे वाचता येतच असणार, असं त्या माणसाला वाटलं. वामनला अक्षर ओळखता येत नव्हतं. ही लाज त्याच्या मनाला फार लागली. देहलवी नावाच्या मास्तरांनी त्याला मुळाक्षरं शिकवली. पुढचं शिक्षण मुंबईच्या रस्त्यांनी दिलं. दुकानांवरच्या पाट्या वाचत, अक्षराला अक्षर जोडत तो वाचायला शिकला.

ज्या माणसाच्या शब्दांवर पुढे विद्यापीठांत प्रबंध लिहिले गेले, तो वयाच्या विशीत पाट्यांवरून अक्षरं गिरवत होता. मला वामनदादांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते, गाण्यांपेक्षाही.

३ मे १९४३ ला त्यांनी पहिलं गीत लिहिलं. ते होतं एका हिंदी गाण्याचं विडंबन. म्हणजे चाल लोकांच्या ओठांवरची, शब्द आपले. इथे रॅप लिहिणाऱ्यांनी कान टवकारावेत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला डीजे कूल हर्कने जी पार्टी वाजवली, तिथून हिप-हॉपचा जन्म धरतात. त्याचं तंत्रही हेच होतं. लोकांना आधीच आवडणारी तबकडी घ्यायची, तिचा नाचायला लावणारा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्यावर बोलायचं. ज्याच्याकडे वाद्यवृंद नाही, स्टुडिओ नाही, पैसे नाहीत, तो हेच करतो. त्याच्या तीस वर्षं आधी शिवडीच्या चाळीतला एक कामगार सिनेमाच्या चालीवर स्वतःचे शब्द चढवत होता. एकाने दुसऱ्याचं पाहून केलं असं अजिबात नाही. गरज सारखी होती, एवढंच.

सामन्यांचंही तसंच. रॅपमध्ये दोघे समोरासमोर उभे राहतात आणि शब्दांनी एकमेकांना खाली पाडतात. १९८१ साली हार्लेममध्ये कूल मो डीने बिझी बीला असं हरवलं, त्याची चर्चा अजून होते. आपल्याकडे कव्वालीचे सामने रात्र रात्र चालायचे. एका पार्टीने सवाल टाकायचा, दुसरीने तिथल्या तिथे जवाब बांधायचा. फरक इतकाच की आपल्याकडे जिंकण्यासाठी बुद्धचरित्र, बाबासाहेबांचं चरित्र आणि चळवळीचा इतिहास पाठ असावा लागायचा. नुसत्या बढाईवर सामना निघत नसे. अशा मंचांना शब्द लागत, आणि ते पुरवणाऱ्या कवींमध्ये वामनदादांचं नाव वरचं होतं. ते कव्वाली लिहीत, गझल लिहीत, लोकगीत लिहीत. मराठीत लिहीत आणि हिंदीतही लिहीत.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी ते पंचवीस वर्षांचे झाले. घरी मात्र सुख नव्हतं. पहिला संसार मोडला. मीरा नावाची लेक लहानपणीच गेली. पुढे शांताबाईंशी लग्न झालं आणि त्यांनी शेवटपर्यंत साथ दिली. घरातून महिनो न् महिने बाहेर असलेल्या शाहिराचा संसार कोणी ओढला, हे आपण विचारत नाही. शांताबाईंचं नाव म्हणून मुद्दाम लिहितोय.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दोन महिनेही झाले नव्हते. लाखो लोकांनी नवा धम्म घेतला होता, पण तो समजावून सांगणारा बाप गेला होता. बुद्ध कोण, पंचशील काय, बावीस प्रतिज्ञा कशासाठी, हे खेड्यातल्या निरक्षर बाईला कोण सांगणार? ग्रंथ होता, पण वाचता येत नव्हतं. ही पोकळी भरण्यात भिक्खूंचा वाटा आहे, कार्यकर्त्यांचा आहे, आणि तितकाच शाहिरांचा आहे. ज्याला स्वतःला एकदा पत्र वाचता आलं नव्हतं, त्याला हे काम कसं करायचं ते बरोबर ठाऊक होतं. शब्द सोपा, चाल ओळखीची आणि अर्थ पहिल्याच ऐकण्यात पोचणारा.

मग वामनदादा फिरत राहिले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, नाशिक, नगर. एसटीने, बैलगाडीने, पायी. जिथे कार्यक्रम तिथेच मुक्काम, कार्यकर्त्याच्या घरी भाकरी, आणि तिथेच नवं गाणं. असं लिहिलेलं गाणं बरेचदा त्याच घरी राहायचं. कोणी वहीत उतरवून घेतलं तर घेतलं. गाणाऱ्याने मागितलं तर देऊन टाकलं. त्यांच्या गाण्यांचा दहा हजारांचा आकडा सांगितला जातो. पुस्तकात आलेली गाणी त्या मानाने मूठभर आहेत. ‘वाटचाल’ १९७३ साली आलं, ‘मोहळ’ १९७६ साली, ‘हे गीत वामनाचे’ १९७७ साली. म्हणजे पहिलं गीत लिहिल्यावर पहिलं पुस्तक यायला तीस वर्षं लागली. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन १९९६ सालचं.

सिनेमानेही त्यांना बोलावलं. ‘सांगत्ये ऐका’ आणि ‘पंचारती’ या चित्रपटांत त्यांची गीतं आहेत. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ सालचा, तुफान चाललेला सिनेमा. त्या वाटेने गेले असते तर पैसा मिळाला असता. ते परत गावच्या मंचावर आले.

आता ग्रँडमास्टर कॅझची गोष्ट सांगतो, कारण ती वामनदादांना समजून घ्यायला फार उपयोगी आहे. कॅझ हा ब्राँक्समधला सुरुवातीचा नामांकित रॅपर. १९७९ साली शुगरहिल गँग नावाच्या त्रिकुटाने ‘रॅपर्स डिलाइट’ काढलं आणि रॅप पहिल्यांदा साऱ्या जगात पोचलं. त्या त्रिकुटातला बिग बँक हँक न्यू जर्सीत पिझ्झाच्या दुकानात काम करायचा आणि कॅझच्या गटाचं व्यवस्थापनही बघायचा. त्याने गायलेले शब्द कॅझच्या वहीतले होते. इतके जसेच्या तसे की कॅझने स्वतःच्या नावाची अक्षरं जिथे गुंफली होती, तीही हँक तशीच गाऊन गेला. गाणं अमर झालं. कॅझला ना पैसा मिळाला, ना तबकडीवर नाव. पण रॅपच्या दुनियेत आज ही गोष्ट जाणकाराला माहीत आहे. ती पुन्हा पुन्हा लिहिली गेली, बोलली गेली, कॅझला मंचावर बोलावलं गेलं. चोरी झाली तरी हिशेब नोंदवला गेला.

आपल्या शाहिरीत यावर जुना उपाय होता. शेवटच्या कडव्यात कवीने आपलं नाव घालायचं. तुकोबांनी घातलं, कबीरांनी घातलं, वामनदादांनीही घातलं. गाणं कितीही हातांतून गेलं तरी शेवटच्या कडव्यात वामन उभा राहायचा. ज्या काळात छपाई नव्हती, ध्वनिमुद्रण परवडत नव्हतं, त्या काळातला हाच कॉपीराइट. आणि तो चालत होता, कारण लोक गाणं पूर्ण ऐकत होते.

कॅसेट आली तेव्हा पहिली गडबड झाली. कव्हरवर गायकाचा मोठा फोटो, गीतकाराचं नाव बारीक अक्षरात किंवा गायब. मग डीजे आला. डीजेला धृवपद आणि एक कडवं पुरतं. शेवटचं कडवं वाजतच नाही. वामन ज्या ओळीत बसला होता ती ओळच कापली गेली. कोणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही, पण झालं हे असं.

दुसरी कापाकापी मला जास्त खुपते. वामनदादांनी बाबासाहेबांचा गौरव करणारी गाणी लिहिली, तशी अनुयायांना जाब विचारणारीही लिहिली. रिपब्लिकन पक्षाचे तुकडे पडले, पुढारी सत्तेच्या दारात जाऊन बसले, तेव्हा हा माणूस मंचावरून, पुढाऱ्यांना समोर बसवून, गाण्यातून विचारत होता की बाबासाहेबांच्या मताने चालणारे खरोखर किती उरलेत. देशातल्या बड्या भांडवलदारांची नावं घेऊन आमचा हिस्सा कुठे आहे असं विचारणारं त्यांचं गाणं कुठल्याही बंडखोर रॅपच्या तोडीस तोड आहे. पब्लिक एनिमीने १९८९ साली ‘फाइट द पॉवर’ काढलं म्हणून आपण त्यांना सलाम करतो. हे गाणं मात्र मिरवणुकीत क्वचित वाजतं. ट्रॉलीवर गौरवाची गाणी चढतात, जाब विचारणारी खालीच राहतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्यांचं सगळंच लिखाण एका उंचीचं नाही. जयंतीच्या, नामकरणाच्या, उद्घाटनाच्या निमित्ताने घाईत लिहिलेली, यमकाला यमक जुळवलेली गाणीही आहेत. दहा हजारांत असणारच. टुपाकच्या मरणानंतर कंपन्यांनी काढलेल्या अल्बमांतही भरताड आहे, आणि त्याचे चाहतेही ते मान्य करतात. मोठ्या कवीला तपासून वाचलं म्हणून तो लहान होत नाही. आपण मात्र वामनदादांना एक तर हार घालतो, नाहीतर विसरतो. वाचत नाही.

कीर्ती कशी टिकते, याचा हिशेब पाहा. टुपाक १३ सप्टेंबर १९९६ ला पंचविसाव्या वर्षी गोळ्यांना बळी पडला. बिगी ९ मार्च १९९७ ला, चोविसाव्या वर्षी. अकाली मरणाने त्यांच्याभोवती एक वलय तयार झालं. २०१७ साली टुपाकला अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मानाची जागा मिळाली. आपल्याकडे विलास घोगरे गेले ते त्याच १९९७ साली. ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली आणि चार दिवसांनी या शाहिराने गळफास घेतला. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटामुळे त्यांचा आवाज आणि चेहरा नव्या पिढीपर्यंत पोचला. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, वय अठ्ठेचाळीस फक्त. पण त्यांच्या कादंबऱ्या, कथा, पोवाडे छापील होते. २००२ साली त्यांचं टपाल तिकीट निघालं, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. छापलेला शब्द त्यांना घेऊन गेला.

वामनदादांकडे यातलं काही नव्हतं. तरुणपणीचं मरण नाही, जगाच्या बाजारात फिरणारी तबकडी नाही, जाडजूड ग्रंथ नाहीत. १९९३ साली वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. ज्याला मुख्य प्रवाहाच्या साहित्याने कधी कवी म्हणून मोजलं नाही, त्याला आपल्या माणसांनी साहित्याच्या व्यासपीठावर सर्वांत वर बसवलं. १५ मे २००४ ला नाशिकला त्यांचं निधन झालं. वय एक्क्याऐंशी. साठ वर्षं ते गात होते, लिहीत होते.

आणि तरीही, त्या रात्री नाशिक रोडच्या मंडपात स्पीकरवर टुपाक वाजत नव्हता. वामनदादा वाजत होते. नाव हरवलं असेल, पण शब्द त्या पोरांच्या तोंडात होते. वायर जोडता जोडता ती गुणगुणत होती आणि आपण कोणाचं गुणगुणतोय हे त्यांना माहीत नव्हतं. कोणत्या रॅपरच्या वाट्याला हे आलंय, सांगा. पण हे सांगून समाधान मानायचं नाही, कारण नाव गेलं की माणूस जातो, आणि माणूस गेला की पाट्या वाचत शिकलेल्या त्या पोराची गोष्टही जाते.

त्या पोरांपैकी एकाने दुसऱ्या दिवशी मला फोन केला. त्याने आजीला ते गाणं म्हणायला सांगितलं होतं. आजी शाळेत गेलेली नाही. तिने सगळी कडवी म्हटली, शेवटचं वामन नाव असलेलंही. पोराने ते मोबाईलवर रेकॉर्ड केलंय.

तेव्हा मित्रांनो, एवढंच करा. भीमगीत अपलोड कराल तेव्हा गीतकाराचं नाव शोधून लिहा. आपल्या संकेतस्थळांनी आणि पेजेसनीही हे पाळायला हवं, आम्हीही त्यात कमी पडलो आहोत. रॅपमध्ये वामनदादांची ओळ घेतली तर त्यांचं नाव तोंडाने घ्या. आणि घरी, आजोळी, मावशीच्या गावी जुन्या पेटीत गाण्याच्या वह्या असतील तर त्या रद्दीत जाऊ देऊ नका. पानांचे फोटो काढा, मागे गाव लिहा, कोणाच्या हाताचं अक्षर आहे ते लिहा, वर्ष आठवत असेल तर वर्ष लिहा. वामनदादा ज्या ज्या घरी जेवले, तिथे एखादं पान सापडण्याची शक्यता आहे.